बिनावेणीची जमना

डोळ्याच्या नसेच्या तपासणीला डोक्याला तेल लावून यायचं नाही, असं बोईसरच्या दवाखान्यात बजावलं होतं. मुरबे गावच्या जमनाने केस खसखसून धुतले आणि रोजची वेणीही माळली नाही. वेणीशिवाय ती कधी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. पण नवरा पुंडलिकने तिच्या रिकाम्या केसांकडे एकदा पाहिलं आणि स्कूटरला किक मारली.

दवाखान्यातल्या मॅडमनी तिच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, समोरच्या पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी लुकलुकू लागल्या. "घाबरू नका मावशी. डोळ्याने पाहिलेलं मेंदूपर्यंत नीट पोचतं का, एवढंच बघायचंय."

"मंग आमच्या घरवाल्याचीबी करा. त्याला दिसतं सगलं, पोचत काय नाय!"

ती बाहेर आली तेव्हा पुंडलिक मांडीवर पानात बांधलेली अबोलीची वेणी घेऊन बसला होता. "झाली तपासनी? घाल आता."