अण्णांनी रडू नये

सलग तिसऱ्या रविवारी घराने शाल्मलीला दार उघडलं नाही. अळूवड्यांचा डबा घेऊन ती बाहेरच उभी राहिली.

घराला फोनवरून फक्त काय हवं ते लिहून द्यायचं. ते कसं करायचं हे घरच ठरवी. आई गेल्यावर शाल्मलीने वडिलांसाठी एकच ओळ लिहिली होती: ‘अण्णांनी रडू नये.’ घराने आधी आईचे फोटो हटवले, मग तिची गाणी. शाल्मलीचा चेहरा थेट आईचा होता. तिला पाहिलं की अण्णांना रडू येई.

ओळ पुसायला तिने फोन काढला.

“कोण आलंय रे?” चाहूल लागून आतून अण्णांनी घराला विचारलं.

“कोणी नाही, अण्णा.”

“मग माझे कान वाजले म्हणायचे,” म्हणत अण्णा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

ओळ न पुसताच तिने फोन पर्समध्ये ठेवला. वड्या अगदी आईच्या हातच्यासारख्या झाल्या होत्या. तो डबाही ती परत घेऊन गेली.