कुणाच्या भरवशावर

मांजरीने तिसरं पिल्लूही सिस्टरांच्या मांडीत आणून टाकलं आणि मागे वळूनही न बघता ती खिडकीतून बाहेर गेली.

"जा बाई, खुशाल जा," सिस्टर म्हणाल्या. "मी आहे ना."

मांडी अवघडली तरी त्या हलल्या नाहीत. उभा जन्म प्रसूतिगृहात गेला होता. किती बाळं या हातांतून गेली याची गणती नव्हती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. आणि पोटची मुलगी मात्र आपली लेक घटकाभरही त्यांच्याकडे सोडायला तयार नव्हती. कारण काय, तर एकदा दूध गॅसवर राहिलं आणि पातेलं जळलं. पातेली कुणाची जळत नाहीत? पण मुलीने राईचा पर्वत केला. तेव्हापासून नात शाळा सुटली की पाळणाघरात जायची आणि सिस्टर दिवसभर एकट्या, बेल वाजेल म्हणून दाराकडे कान लावून बसायच्या. बेल वाजायची ती शेजारच्यांची.

"मुक्या जनावराला कळतं, माझ्या मुलीला कळत नाही," पिल्लांना तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना त्यांनी सांगून टाकलं. "ही बया पिल्लं माझ्या हवाली करून बिनघोर भटकते. वर पगार म्हणून मेलेला उंदीर पायाशी आणून ठेवते."

डॉक्टर हसले. "पगार नाही हो तो. ज्याला स्वतःला शिकार जमत नाही, त्याला मांजर आणून देते. आणि पिल्लं मांडीत आणते, कारण सगळी एका जागी असली की तिला बरं पडतं. तिच्या लेखी तुम्ही चौथं पिल्लू."

"माणसांचे डॉक्टर झाला नाहीत तेच बरं," सिस्टर फणकारल्या. त्या दिवशी डॉक्टरांना चहा मिळाला नाही.

आणि त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. तिला कामासाठी दोन दिवस परगावी जायचं होतं.

"आई, हिला तुझ्याकडे ठेवू का?"

"ठेवू का म्हणून विचारतेस?" फोन कानाला लावूनच सिस्टर नातीसाठी गादी काढायला उठल्या.

नात आली ती आजीला चिकटलीच. सिस्टर अंघोळीला गेल्या तर ही दाराबाहेर स्टूल टाकून बसली. खाली पोरं दंगा करत होती. सिस्टर म्हणाल्या, "जा की खेळायला."

"नको. मला तुझ्याजवळच बसायचंय."

एवढा लळा! सिस्टरांना धन्य वाटलं. मग शाळा-शाळा खेळताना नात बाई झाली. आज वार कुठला, आपल्या घराचा नंबर काय, माझ्या आईचं नाव काय, असले सोपे प्रश्न. सिस्टर हात वर करून उत्तरं देत होत्या. एक उत्तर चुकलं तेव्हा बाईंनी छडी मारायची सोडून त्यांचा पापा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बाजारात गेल्या. "हात सोडायचा नाही," सिस्टरांनी दहादा बजावलं. संत्री निवडून त्यांनी मान वर केली, तर नात नाही.

त्या या गल्लीतून त्या गल्लीत धावल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत सुटल्या, "माझी नात पाहिलीत का हो?" शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीवर त्या मटकन बसल्या. आता मुलीला तोंड कसं दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात नात कोपऱ्यावरून पळत आली आणि गळ्याला मिठी मारून हमसाहमशी रडू लागली.

"कुठे उलथली होतीस गं? माझा जीव जायची वेळ आली!"

"चुकले आजी. पुन्हा हात नाही सोडणार."

वाटेत सिस्टर हळूच म्हणाल्या, "हे आईला सांगायचं नाही बरं का. नाहीतर ती तुला परत कधी माझ्याकडे ठेवायची नाही." नातीने त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

संध्याकाळी सिस्टर पिल्लांपाशी होत्या. बाहेरच्या खोलीत नात आईशी फोनवर बोलत होती. सुट्टीभर हिला इथेच राहू दे, असं आजच मुलीला सांगून टाकायचं, या विचाराने सिस्टर खुशीत उठल्या आणि दारापर्यंत आल्या.

नातीची पाठ त्यांच्याकडे होती. "हो, जेवली," ती दबक्या आवाजात सांगत होती. "गोळी दिली. गॅस मी बघितला... अगं, हरवली होती, पण सापडली ना मला. रडू नकोस. आणि आई, तिला काही म्हणजे काही बोलू नकोस हं. तिला वाटतंय, मीच हरवले होते."