हिरवा आकडा

नेटवर्कवालीने टाकीकडे जाणारी केबल उपटली, तरी पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा येतच राहिला. छान, हिरवागार, एकवीस टक्के.

"मामा, टाकीत कुणी उतरलंय?"

"तुझा दादा आणि त्याची तीन माणसं. साफसफाईला," कंट्रोल रूमचे मामा चहाचा घोट घेत म्हणाले. "आकडा हिरवा बघूनच सोडलंय त्यांना. मधेच अडकतो, तेवढं नीट कर आणि मोकळी हो."

केबल परत खोचून ती कीबोर्डवर वाकली. त्या लिनक्सच्या मशीनला दोन नेटवर्क कार्डं होती. एक टाकीतल्या सेन्सरसाठी, दुसरं ऑफिससाठी. सेन्सरकडे कुठल्या वाटेने जातंस, असं तिने मशीनला विचारलं. त्याने निमूटपणे ऑफिसचं कार्ड दाखवलं.

"वर ऑफिसात नवीन काही बसवलंय का?"

"ट्रेनिंगची पेटी. पोरांना सरावासाठी खोटे आकडे देते."

त्या पेटीला कुण्या शहाण्याने सेन्सरचाच आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देऊन ठेवला होता. मशीन विचारत होतं टाकीला आणि उत्तर देत होती पेटी. तिला बिचारीला काय, कुणी विचारलं की हिरवा आकडा सांगून मोकळी.

तिने वाट बदलून सेन्सरच्या कार्डाकडे वळवली. आकडा गेला आणि परत आला. अकरा. लालभडक.

"झालं! बिघडवलंस ना?" मामा वैतागले. "चांगलं चाललं होतं. आधीसारखं कर बघू."

तिने टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला. "दादा, सगळ्यांना घेऊन वर ये! आत्ताच्या आत्ता!"

जरा खरखर झाली. मग दादाचा आवाज आला, सैलसर, खुशीतला. "येतो गं. एवढी काय घाई? इथं मजा चाललीय."

मागे कुणीतरी खो खो हसलं. मग सगळेच हसायला लागले, दादासुद्धा.

मामांचा चेहरा उतरला. ऑक्सिजन कमी पडला की काहींना आधी हसू सुटतं, हे ट्रेनिंगच्या पोरांना ते स्वतःच शिकवत. भोंगा दाबून, बचाव पथकाला हाका मारत ते जिन्याकडे धावले.

"दादा! दादा, ऐकतोयस ना?"

खाली आता एकच जण हसत होता. तो दादा नव्हता.