आभाराचं पान

ग्वाटेमाला, १९८१. चार वर्षांत एलुवियाने आपले मार्गदर्शक डॉक्टर सिफुएंतेस यांचं सगळं मुकाट्याने ऐकलं होतं. त्यांनी प्रकरणं गाळायला लावली, तिने गाळली. प्रबंधाचं शीर्षक बदलायला लावलं, तेही बदललं. पण त्यांनी आभाराच्या पानावर आडवी रेघ मारली, तेव्हा मात्र तिचा तोल गेला.

"सर, हे पान तरी माझं आहे! डोंगरातल्या त्या गावाने मला घरात ठेवून घेतलं. तोमासा आजीने आपल्या वाटणीचं खाऊ घालून मला पेरणीची गाणी सांगितली. गास्पार माझा दुभाष्या होऊन घरोघरी हिंडला. त्यांची नावंसुद्धा छापायची नाहीत?"

"नाही."

"का? त्यांची नावं आली तर तुमचा मान कमी होतो?"

डॉक्टर उठले. त्यांनी दार लावून घेतलं आणि कपाटातून स्वतःचा जुना प्रबंध काढून तिच्यापुढे उघडला. पहिल्याच पानावर एका गावातल्या माणसांची नावं होती, मोठ्या मायेने लिहिलेली.

"तुम्ही तर लिहिलीत की!"

"लिहिली. मला वाटलं, अगं, प्रबंध वाचतंय कोण." ते खुर्चीत बसले. "गेल्या वर्षी सैनिक हेच पान घेऊन त्या गावात गेले. जो परक्या माणसाला आसरा देतो तो बंडखोरांनाही लपवतो, असा त्यांचा हिशेब; म्हणून मला कोणी कोणी आसरा दिला, ते त्यांना हवं होतं. मी लिहिली होती त्याच क्रमाने त्यांनी एकेकाला घराबाहेर बोलावलं."