मानमोडे सर

दुकानाच्या काउंटरवर सरांची मुलगी बसली होती. तिनं त्याला ओळखलं, आणि ओळखलंय हे त्याला कळूही दिलं. मग ती पुन्हा खाली बघून शटलकॉकचे डबे रचू लागली.

"सर आहेत?" त्यानं विचारलं.

"मागे आहेत. चेंडू शिवतायत." ती मान वर न करताच म्हणाली, "बारा वर्षांनी बरी आठवण झाली."

कालच्या पेपरात त्याचा फोटो आला होता. तेहतीस वर्षांचा, संघाबाहेर जायच्या बेतात असलेला फुटबॉलपटू दीड महिन्यात मधल्या फळीत असा काही खेळायला लागला होता की लिहिणाऱ्यांनाही नवल वाटलं होतं. तो पेपर काउंटरवरच होता, पालथा घातलेला.

मागची खोली अरुंद होती. तिथं रबराचा आणि डिंकाचा वास भरून राहिला होता. सर स्टुलावर बसून मांडीवरच्या चेंडूत जाड सुई घालत होते. केस पार पिकलेले. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं.

"अरे, तू होय! ये, ये. ते खोकं सरकव नि बस."

तो बसला नाही. येताना गाडीत त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती. आता त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"सर, ते पत्र... क्लबच्या लोकांना दिलेलं. ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. अक्षर तुझंच होतं." सरांनी दोरा ओढून घट्ट केला.

"सह्या घेत मीच फिरलो. दोघंतिघं नको म्हणत होते, त्यांना मी..." ते वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. "तुम्हाला मानमोडे सर हे नावही मीच ठेवलं."

सर खळखळून हसले. "हे मात्र ठाऊक नव्हतं हं. तुझ्या काकू अजून चिडल्या की त्याच नावानं हाक मारतात मला."

त्याचे कान तापले. सर रागावले असते तर परवडलं असतं. दोन वर्षं मैदानाच्या कडेला उभं राहून ते घसा फोडत होते, मान वळव, पास यायच्या आत मागे बघ. आणि त्यानं पत्रात लिहिलं होतं, हे आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं वागवतात, यांच्याकडून शिकण्यासारखं काही नाही. महिनाभरात सरांची नोकरी गेली. त्यानंतर एकाही क्लबनं त्यांना दारात उभं केलं नाही.

"नव्या कोचनं आता तेच शिकवलं, सर. अगदी तेच. बारा वर्षं मी आंधळ्यासारखा खेळलो. मला तुमची माफी..."

"थांब, थांब." सरांनी सुई बाजूला ठेवली. "परवा टीव्हीवर पाहिलं मी. पास यायच्या आत दोनदा मागे बघतोस तू. ही सवय तिशीनंतर लागत नाही रे. त्यानं लावली कशी?"

"सर, माफी..."

"ते राहू दे. कशी लावली, ते सांग."

मग त्यानं सांगितलं. कोच त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला एका खोलीत बसवलं, जुन्या सामन्याचा व्हिडिओ लावला आणि म्हणाले, चेंडूकडे बघू नका, नव्वद मिनिटं फक्त स्वतःकडे बघा. चौदा वेळा त्याच्या पायातून चेंडू गेला होता आणि चौदाही वेळा मागून येणारा माणूस त्याला दिसलाच नव्हता. अर्ध्या तासातच त्याला खुर्चीत बसवेना. त्यानंतर रोज सराव संपला की एकानं समोरून पास द्यायचा, कोचनी पाठीमागे उभं राहून बोटं दाखवायची. पाय चेंडूला लागायच्या आत वळून बघायचं आणि किती बोटं ते सांगायचं. चुकलं तर परत पहिल्यापासून.

"ओरडत नाही तो?"

"एकदाही नाही."

सर खिशातून छोटी वही काढून लिहू लागले. "एका शाळेत मुलींना शिकवायला जातो मी. एकीची मान काही केल्या वळत नाही, आणि मी आपला बोंबलतोय." त्यांनी लिहिलेल्या शब्दाखाली रेघ मारली. "बोटं. केवढीशी गोष्ट. मला सुचली नाही बघ. सुचली असती तर तुझी इतकी वर्षं फुकट गेली नसती."

त्याला भुईत गडप व्हावंसं वाटलं. "असं नका म्हणू, सर."

"का नको? तुझ्यापर्यंत पोचवायचं काम माझं होतं. नाही जमलं मला."

दारात मुलगी येऊन उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. "बाबा, तुम्ही यांची माफी मागताय?"

"तू भांडू नकोस. त्यापेक्षा तो कोपऱ्यातला शिवून झालेला चेंडू घे आणि हळू लोट माझ्याकडे." सर उठले, खोक्यांच्या मधोमध त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. "किती अंतरावर थांबतो रे तुझा कोच? हं, तिथंच थांब. आता दाखव बोटं. आणि आधी सांगू नकोस."

मुलीनं एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि चेंडू लोटला, नीट पायात येईल असा. सरांनी मान वळवली. मानेबरोबर अख्खा खांदाही वळला. त्यानं हात वर केला होता, पण मूठ उघडेना.

चेंडू सरांच्या बुटाला लागून खोक्यांमध्ये गेला. सर त्या हाताकडे पाहत राहिले.

"शून्य," ते म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर, सर."

मुलीनं वाकून खोक्यांतला चेंडू काढला आणि पुन्हा लोटायला पायाखाली घेतला.