अंड्यांचा वास

"वहिनी, हा जुना चार्जर आपोआप थांबत नाही. बॅटरी भरली की काढायची. आणि बंद खोलीत लावू नका, वारा खेळता पाहिजे," निनाद दारातून जाता जाता म्हणाला होता. पर्णिका तेव्हा अस्मीच्या तोंडात शेवटचा घास कोंबत होती.

"भाऊजी, बॅटरी आहे हो ती, सिलिंडर नाही," ती हसून म्हणाली होती.

पर्णिकाचा नवरा दर्शन आणि निनाद यांची भागीदारीतली कॅराव्हॅन उन्हाळ्यापुरती उम्म अल क्वैनच्या यार्डात झाकून ठेवली होती. थंडी पडेपर्यंत वाळवंटातले कॅम्प खलास. बॅटरी उन्हात मरते म्हणून तेवढी काढून शारजातल्या, अल मजाजच्या फ्लॅटमध्ये आणली. बाल्कनीत ऊन, हॉलमध्ये पाहुण्यांची ये-जा, अस्मीच्या खोलीत तर नावच नको. मग दर्शनने ती स्वयंपाकघरामागच्या खोलीत नेऊन चार्जरला जोडली. त्या खोलीला खिडकी नाही. तिथे रिकाम्या बॅगा, इस्त्रीचं टेबल आणि अस्मीला सांभाळणारी शहरबानू, एवढं सगळं मावत होतं.

"इसको हाथ नहीं लगाना. पूरी गर्मी लगा रहेगा," दर्शनने तिला बजावलं.

घर शाकाहारी. शहरबानूची अंडी तिच्या खोलीतच. तिथेच छोट्या किटलीत उकडायची, दार लावून खायची, टरफलं पिशवीत बांधून स्वतः खाली नेऊन टाकायची. हा नियम सासूबाईंनी, म्हणजे सुलक्षणाताईंनी, व्हिजिट व्हिसावर आल्या आल्या घालून दिला होता. त्यामुळे स्वयंपाकघरात सडक्या अंड्यांचा वास यायला लागला, तेव्हा कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही.

शनिवारी दुपारी तो फारच वाढला.

"साठवून ठेवते की काय ही!" सुलक्षणाताईंनी नाकाला रुमाल लावला. "शहरबानू, दरवाजा बंद रखो!" आतून दार घट्ट ओढून घेतलं गेलं. त्यांनी ओला टॉवेल पिळला आणि दाराखालच्या फटीत पायाने नीट सारला.

"आई, सकाळी डोकं दुखतंय म्हणत होती ती," पर्णिका म्हणाली.

"या वासाने माझंही दुखतंय. सांगते का मी कुणाला?"

जेवणं झाली. अस्मीच्या झोपेची वेळ झाली. रोज ती शहरबानूच्या कुशीत, त्याच खोलीत झोपायची. थोड्या वेळाने ती उशी ओढत हॉलमध्ये परत आली.

"ममा, बानू इज नॉट ओपनिंग. आय नॉक्ड सो मेनी टाइम्स."

पर्णिका उठली. टॉवेल बाजूला केला, दार ढकललं. आतून गरम भपका आला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कोपऱ्यात बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगली होती. चार्जर गुणगुणत होता. शहरबानू गादीवरून अर्धी खाली घसरलेली, शेजारी उलटीचा ओघळ.

"दर्शन! आधी मेन स्विच पाड! मग इकडे ये!"

दोघांनी तिला ओढत हॉलमध्ये आणलं. पर्णिकाने बाल्कनीचं दार सताड उघडलं. श्वास चालू होता. भरलेली बॅटरी दिवसचे दिवस आतल्या आत उकळत राहिली होती. तो वास तिच्यातून सुटणाऱ्या गॅसचा होता. अंड्यांचा नव्हताच.

सुलक्षणाताईंनी अस्मीला उचलून छातीशी धरलं, देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले. "वाचवलंस रे बाबा! आज पोर आत नव्हती."

पर्णिका त्यांच्याकडे बघतच राहिली. जमिनीवर एक बाई पडली होती.

"बॅटरी गेली वाटतं," दर्शन खोलीच्या दारातून म्हणाला. पर्णिकाच्या हातात फोन दिसला, तसा तो लगबगीने आला. "अगं, थांब जरा. शुद्धीवर येतेय ती. अँब्युलन्स आली की मागे पोलीस येतील. बॅटरी इथे का, विचारतील."

"विचारू देत."

"आणि तू काय सांगणार?"

"हेच, की आपण बॅटरी जपली आणि बाईला कोंडलं. तू हळू आवाजात बोलू नकोस दर्शन, मला राग येतोय, मी ओरडणार आहे." आणि ती फोनवर पत्ता सांगू लागली, एकेक शब्द तोडून.

शहरबानूने डोळे उघडले. तिला आधी सुलक्षणाताई दिसल्या. ती घाईघाईने उठून बसायला लागली.

"अम्माजी, अंडे नहीं हैं. कसम से. अंडे तो मैंने कब के बंद कर दिए."

"मग बोलायचं नाही का आधी?" सुलक्षणाताई मराठीतच म्हणाल्या. मग हिंदीत, जरा मोठ्याने, "बताया क्यों नहीं?"

"बताया था, अम्माजी. आपने कहा, दरवाजा बंद रखो."

अस्मीने आपली उशी आणून शहरबानूच्या डोक्याखाली सारली.

"तो प्लग काढायचास ना," दर्शन पुटपुटला. "निकाल देती."

शहरबानूने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "साहब, आपने हाथ लगाने को मना किया था."

अँब्युलन्सवाल्यांनी तिला ऑक्सिजनचा मास्क लावून लिफ्टने खाली नेलं. पर्णिका चप्पल न घालताच सोबत गेली.

तुमच्याही फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे ती खोली असेल. हे वाचणं इथेच थांबवा, जा, दार वाजवा. आतून ओ येईपर्यंत तिथून हलू नका.