चिमूटभर तांदूळ

सुरेंद्रच्या वाडीतला भोपळा पुन्हा चोरीला गेला, तेव्हा पुजाऱ्याने शेजारपाजाऱ्यांना बोलावून प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर मंतरलेले तांदूळ ठेवले.

"चावा अन् थुका. चोराच्या तोंडाले कोरड पडते, त्याचे तांदूळ कोरडेच निघते."

सगळ्यांनी ओला लगदा थुंकला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गिरजाबाईने तोंड उघडलं, तर आत काहीच नव्हतं.

"गिळले! पाहा, हेच चोर!" सुरेंद्र ओरडला आणि हातातली काठी मोडेपर्यंत त्याने तिला मारलं.

गिरजाबाईने रक्ताळलेलं तोंड पदराने पुसलं आणि पुजाऱ्यापुढे हात पसरला.

"अजून थोडेसे द्या ना भाऊ. परवापासून चूल नाई पेटली, जिभेवर पडल्याबरोबर पोटात गेले. या बारीले नाई गिळत."